स्टीव्ह अर्विन खरा आणि बेअर ग्रिल्स खोटा, इतकं सोपं नाहीये ते

आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका ताईंनी विचारलंय आणि प्रश्न आवडला म्हणून जरा लांब लिहितोय. त्यांच्या घरी रोज जेवताना वाद होतो. अकरा वर्षांचा मुलगा टीव्हीवर मगरी आणि साप पकडणाऱ्या स्टीव्ह अर्विनचे जुने एपिसोड बघून वेडा झालाय आणि साप पकडायला शिकायचं म्हणतोय, सासरे म्हणतात सगळं नाटक असतं, पिंजऱ्यातून आणून सोडतात आणि परत पकडतात, आणि नवऱ्याचं म्हणणं असं की बेअर ग्रिल्स तेवढा खोटा, बाकीचे सगळे खरे. तर यातला खरा कोण ते प्रत्यक्ष काम करणाऱ्याने सांगावं.

मी बडोद्याच्या वाडी भागात लहानाचा मोठा झालो, दिवसा मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि गेली 22 वर्षं फोन आला की शटर अर्धं ओढून साप नाहीतर मगर. सापांचा हिशोब कधीच सोडून दिला. मगरी लहानमोठ्या मिळून शंभराच्या वर झाल्या असतील, सगळ्या वनखात्याच्या माणसांबरोबर, एकट्याने एक पण नाही. तीन वेळा टीव्हीवाल्यांबरोबर काम केलंय, त्यातल्या एका वेळेचं पुढे सांगतोच. पण मी काही त्या मोठ्या लोकांच्या शूटिंगला हजर नव्हतो, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे सांगतोय ते जाहीर झालेलं आहे तेवढंच, आणि बाकी पडद्यावर प्राणी कसा वागतोय ते बघून माझा अंदाज.

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकात एक गुंतलेत. प्राणी जंगली होता का हा एक. तो प्रसंग आपसूक झाला का जुळवून आणला हा दुसरा. आणि तिसरा, जो कोणी विचारत नाही, की प्राणी जे करतोय ते तो एरवी करतो का, का त्याला करायला भाग पाडलंय. सासरेबुवा पहिल्यावर अडलेत, तुमचे मिस्टर दुसऱ्यावर. माझ्या मते तिसराच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण प्राणी शंभर टक्के जंगली असला, धोका पण खरा असला, तरी दाखवलेली गोष्ट खोटी असू शकते.

आधी प्राण्याशी खरी गाठ कशी असते ते सांगतो. 2024 चा ऑगस्टचा पूर तुम्ही बघितलाच असेल. इथली विश्वामित्री नदी फुगली की काठातली मगरींची बिळं पाण्याखाली जातात आणि त्या वाहत्या पाण्याबरोबर सोसायट्यांत येतात, तेव्हा 27 ते 29 ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून 24 मगरी उचलल्या होत्या. त्यातल्या एका कॉलला मी समा भागात होतो. फोनवर बेन ओरडत होत्या, “भाई, मगर आवी गयो छे, बहु मोटो छे!” गेलो तर पार्किंगमध्ये अॅक्टिवाच्या खाली साडेचार फुटी मगर, अंगाला चिखल आणि कुणाचा तरी वाहून आलेला टॉवेल शेपटीला अडकलेला. ती काय करत होती? काहीच नाही. भिंतीला तोंड लावून पडली होती. आम्ही ओलं गोणपाट डोळ्यांवर टाकलं, डोळे झाकले की निम्मं काम होतं, मग गळ्यात फास, एक जण मानेमागे, एक जण शेपटीवर, तोंडाला टेप. मगरीचा जबडा मिटायचा जोर भयंकर असतो पण उघडायचे स्नायू लेचेपेचे, म्हणून साध्या टेपने भागतं. सगळं मिळून आठ मिनिटं. त्याआधी गर्दी पांगवायला दीड तास गेला, वरच्या गॅलरीतून एक काका “शेपटी धरो, शेपटी धरो” म्हणून कॉमेंट्री करत होते ते वेगळंच.

आता हे टीव्हीवर चालेल का? नाही चालणार. मगर हलली नाही, कोणी ओरडलं नाही, कोणी उडी मारली नाही, आणि जितकं काम चांगलं तितकं ते बघायला बोअर. प्राण्याला तुमच्यात काडीचा रस नसतो, त्याला फक्त निघून जायचं असतं. नागाने फणा काढला ना की तो भांडायला उभा राहिला असं लोकांना वाटतं, तो सांगतोय की मला जाऊ द्या. चॅनेलला पाहिजे असते झटापट, आणि झटापट पाहिजे असेल तर प्राण्याला जाऊ देऊन चालत नाही. सगळी गडबड इथे सुरू होते.

या मापाने आता एकेकाला बघा.

स्टीव्ह अर्विनबद्दल सासरेबुवांना सांगा की हा माणूस नाटकी होता पण बनावट नव्हता. आईवडिलांचं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचं पार्क होतं, तिथेच वाढला, आणि टीव्हीच्या आधी बरीच वर्षं तिथल्या सरकारसाठी वस्तीजवळच्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी पकडून हलवायचं काम करत होता, म्हणजे आम्ही इथे करतो तेच, फक्त त्याची मगर आमच्या मगरीच्या दुप्पट आणि स्वभावाने दहापट. 1992 मध्ये लग्न झालं आणि हनीमूनला नवराबायको मगरी पकडायला गेले, त्याच शूटिंगमधून त्याचा पहिला एपिसोड झाला. त्याचे हात बघा, मगरीच्या मानेवर बसताना वजन कुठे टाकतो ते बघा, ते शिकून येत नाही, हजार वेळा करून येतं. तो माणूस पक्का खरा. पण विषारी साप शेपटीला धरून, नाकासमोर नाचवत पाच पाच मिनिटं बोलायचा ते मला आवडत नाही, कारण तो साप शांतपणे चालला होता, याने त्याला ओढून मागे आणलं आणि मग “बघा कसा चिडलाय” म्हणून सांगितलं. चिडणारच ना! म्हणजे प्राणी जंगली, माणूस खरा, धोका खरा, पण गाठ जबरदस्तीची. आणि 4 सप्टेंबर 2006 ला तो गेला तो मगरीने नाही तर पाकट माशाच्या काट्याने, ग्रेट बॅरियर रीफवर शूटिंग चालू असताना. मगरीवर त्याचा हात बसलेला होता, समुद्रातल्या माशावर तेवढा कुणाचाच बसत नाही.

बेअर ग्रिल्सवर मी फार वेळ घालवत नाही. तो प्राण्यांचा माणूसच नाही, फौजी आहे, जगून कसं राहायचं ते दाखवतो आणि प्राणी त्याच्याकडे एक तर खायला असतो नाहीतर पळायला. 2007 मध्ये बाहेर आलं की काही रात्री तो जंगलात न झोपता हॉटेलात झोपायचा आणि ‘रानटी’ म्हणून दाखवलेले घोडे माणसाळलेले होते, त्यानंतर सुरुवातीला पाटी यायला लागली की काही प्रसंग मुद्दाम उभे केलेले आहेत. माझं त्यावर म्हणणं एवढंच की पाटी लावली ना, मग झालं. मोदींबरोबरचा एपिसोड 2019 च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा आमच्या दुकानात चर्चा, की वाघ का नाही आला. अरे, पंतप्रधान, त्यांची सिक्युरिटी, कॅमेरे एवढं सगळं कॉर्बेटमध्ये चाललंय तर वाघ कशाला येईल, तो काय निमंत्रण पत्रिका बघून येतो का.

बीबीसीच्या निसर्गावरच्या सिरीजवाल्या डेव्हिड अॅटनबरो आजोबांचं उलटं आहे. प्राण्याला हात लावताना ते क्वचितच दिसतील, बऱ्याच सिरीजमध्ये तर नुसता आवाज. लोकांना वाटतं हे शंभर नंबरी सोनं, आणि बहुतेक आहेच, पण 2011 च्या ध्रुवीय प्रदेशावरच्या सिरीजमध्ये अस्वलीण बर्फाखालच्या गुहेत पिल्लं घेऊन बसलेली दाखवली ती युरोपातल्या एका प्राणिसंग्रहालयात शूट केलेली होती, बाकी अस्वलं रानातली आणि मध्ये हा तुकडा, आणि बोलताना तसं सांगितलं नव्हतं. गवगवा झाला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की रानात त्या गुहेत कॅमेरा घातला असता तर आईने पिल्लाला मारलं असतं नाहीतर कॅमेरावाल्याला. मी त्यांच्या बाजूने आहे. अस्वलीण पिल्लाला पाजत होती ते तिचंच वागणं होतं, कुणी करायला लावलेलं नव्हतं, फक्त जागा दुसरी. आवाजाचं पण तसंच, दोनशे मीटरवरून मोठ्या लेन्सने हरीण शूट केलं तर त्याच्या चावण्याचा आवाज कुठून येणार, ते नंतर स्टुडिओत भरतात, सगळेच भरतात.

आणि त्यांचा तो रवांडातला गोरिलांचा प्रसंग, 1978 मध्ये शूट झाला आणि 1979 मध्ये दाखवला. ते अंगठ्याचा उपयोग की असंच काहीतरी शास्त्र समजावून सांगायला बसले होते आणि गोरिला येऊन त्यांच्या अंगावर खेळायला लागले, भाषण राहिलं बाजूला. इथे जवळ कोण आलं? गोरिला. ते उठून निघून जाऊ शकत होते, गेले नाहीत. अर्थात त्या कळपाला गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांच्या माणसांनी वर्षानुवर्षं रोज जाऊन, नुसतं बसून राहून माणसाची सवय लावलेली होती, म्हणजे पाच मिनिटांच्या त्या प्रसंगामागे दुसऱ्या कुणाची तरी दहा वर्षं आहेत. माझ्या हिशोबाने टीव्हीवरच्या सगळ्या गाठीभेटींत पहिला नंबर याचा.

ब्रेडी बार म्हणून एक आहे, मुलाला माहीत असेल. डॉक्टरेट केलेला मगरींचा अभ्यासक, मगरीच्या जबड्याचा जोर यंत्राने मोजायचा, ते काम पक्कं. पण हाच माणूस चॅनेलसाठी मगरीचा पोशाख घालून नाईल मगरींच्या कळपात रांगत गेला. त्यात अभ्यास किती आणि तमाशा किती ते तुम्हीच ठरवा, मी तर हसून खुर्चीवरून पडलो होतो.

आपल्याकडचं एक नाव मुलाला जरूर सांगा, रॉम्युलस व्हिटेकर. 1976 मध्ये मद्रासजवळ मगरींसाठी क्रोकोडाइल बँक काढली, आणि तिकडच्या इरुळा आदिवासींना, जे पिढ्यान्पिढ्या साप पकडून कातड्यासाठी विकायचे, त्यांना सापाचं विष काढून ते औषधासाठी द्यायच्या धंद्याला लावलं. कॅमेऱ्यासमोर हा माणूस बघा, हातात हुक, साप लांब, आवाज खाली. विषारी साप हाताळताना घाई कशी करायची नाही हे बघायचं असेल तर इथे.

आता माझी गोष्ट. दहा-बारा वर्षं झाली असतील. एका चॅनेलचे लोक आले, नाव सांगत नाही, कागदपत्रं परवानग्या सगळं रीतसर होतं. आदल्या रात्री आम्ही एका गावच्या तलावाजवळून सहा फुटी मगर उचलली होती, तिला सकाळी दुसऱ्या जागी सोडायचं होतं. डायरेक्टर म्हणाला, सोडताय तर सोडा, फक्त सोडून परत एकदा पकडून दाखवा, रात्रीचं आम्हाला मिळालं नाही. मी हो म्हटलं. का म्हटलं, तर टीव्हीवर येणार म्हणून, खोटं कशाला सांगू. पहिल्या वेळी कॅमेऱ्यात माझी पाठच आली. दुसऱ्या वेळी त्यांचा अँकर म्हणाला मी पण हात लावतो. तिसऱ्या वेळी मगरीने फास पडल्यावर गिरकी मारलीच नाही. नुसती पडली. अँकर म्हणाला, “वाह, कशी शांत झाली बघा, माणसावर विश्वास बसला तिचा.”

विश्वास कसला! मगर थोडा वेळ प्रचंड ताकद लावते पण ती ताकद श्वासावर चालत नाही, स्नायूंमध्ये आम्ल साठत जातं, आणि ते उतरायला तासन् तास लागतात. फार दमवली तर सुटका केल्यावर पण मरते. हे मला माहीत होतं, दहा पोरांना मीच शिकवलेलं होतं. तिला सावलीत घेतलं, वरून ओली गोणी, दर थोड्या वेळाने पाणी शिंपडत बसलो, डोळ्याच्या कडेला बोट लावलं तर पापणी हलायची तेवढीच काय ती खूण. क्रू चहाफाफडा करून निघून गेला. संध्याकाळी सात-साडेसातला तिने डोकं उचललं आणि एक लांब फुत्कार सोडला, तेव्हा मी दिवसभरात पहिल्यांदा पाणी प्यायलो. महिन्याभराने एपिसोड आला. वर लिहिलेलं ‘थेट सुटका’, आणि मगरीच्या तोंडी चक्क सिंहासारखी डरकाळी भरलेली. आई म्हणाली छान दिसतोस. मी टीव्ही बंद केला.

तर मी तेव्हापासून एपिसोड बघताना माणसाकडे बघतच नाही. प्राण्याला जायला वाट मोकळी आहे का ते बघतो. तुम्ही पण मुलाबरोबर बसून हा खेळ खेळा, मजा येते. निवेदक “अरे हे काय!” म्हणत ओंडका उलटतो आणि ओंडक्याच्या पलीकडे कॅमेरा आधीच फोकस करून तयार, मग त्याला आश्चर्य कसलं वाटलं? सापाच्या नाकाचा पुढचा खवला घासून पांढुरका झालेला असेल तर तो बहुतेक काचेच्या पेटीत राहिलेला आहे, पेटीला नाक घासून तसं होतं. फोटो आणि शूटिंगसाठी काही लोक सापाला, सरड्याला आधी गार करतात, म्हणजे तो सुस्त राहतो आणि मग “किती शांत आहे”. निवेदकाचा घाबरलेला चेहरा एका शॉटमध्ये, सिंह दुसऱ्या शॉटमध्ये, आणि दोघं एका फ्रेममध्ये कधीच नाहीत, तर ते दोघं एकाच दिवशी तिथे होते याची पण खात्री देता येत नाही. आणि मगर आ वासून काठावर पडली असेल आणि मागे ढोल वाजत असेल तर हसा, ती अंगाचं तापमान सांभाळतेय, कुणाला खायला नाही निघाली.

पण एक कबूल करतो, जुळवून आणलेलं सगळंच वाईट असं मी म्हणत नाही. मुंगीच्या वारुळाच्या आतलं, पिल्लू अंड्यातून बाहेर येतानाचं, हे जुळवल्याशिवाय दिसूच शकत नाही. प्राण्याचं वागणं बदललं का ते महत्त्वाचं. सगळ्यात वाईट उदाहरण विचाराल तर डिस्नेची 1958 ची ‘व्हाइट विल्डरनेस’ म्हणून फिल्म. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कळपाने कड्यावरून उड्या मारून जीव देतात असं दाखवलं. लेमिंग तसं करतच नाहीत. जिथे शूटिंग झालं तिथे ते राहतही नव्हते, बाहेरून आणले, फिरत्या चकतीवर बर्फ घालून पळवले आणि कड्यावरून पाण्यात ढकलले. फिल्मला ऑस्कर मिळालं. 1982 मध्ये कॅनडाच्या टीव्हीने हे उघड केलं, पण लेमिंगची आत्महत्या अजून लोक शपथेवर सांगतात. तिथे खराखुरा प्राणी होता, खरा कडा होता, खरं मरण होतं, आणि गोष्ट साफ खोटी.

आणि दुसऱ्या टोकाला 2014 चा तो डिस्कव्हरीचा कार्यक्रम, अॅनाकोंडाला माणूस गिळायला देणार म्हणून महिनाभर जाहिरात केली, खास सूट घालून तो माणूस सापाला चिकटला, सापाने विळखा घातल्यावर हात मोडेल असं वाटलं आणि त्याने थांबवलं. लोक चिडले की गिळलं का नाही. अहो, त्या सापाला भूकच नव्हती!

मला मात्र टीव्हीपेक्षा आता मोबाइलची भीती जास्त वाटते. अर्विनच्या मागे निदान टीम होती, डॉक्टर होता. आपल्याकडे पोरं नागाला पकडून त्याची पप्पी घेतानाचे रील टाकतात. वन्यजीव कायदा 1972 चा आहे, त्यात ‘शिकार’ या शब्दात प्राणी पकडणं पण येतं, आणि मगर तर पहिल्याच परिशिष्टात आहे, त्यामुळे ते लाइक मिळवायला गुन्ह्याचा पुरावा स्वतःच अपलोड करत असतात. आमच्या ओळखीतला एक पोरगा, अतिशय हुशार हात, नागाला कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायला गेला म्हणून अंगठा अर्धा गेला. एरवी त्याने तो नाग वीस सेकंदात बरणीत घातला असता.

म्हणून तुमच्या मुलाला क्लास लावायचा का, तर ताई, अकराव्या वर्षी साप हातात देणारा जो कोणी क्लास असेल त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. अठरा होऊ दे, मग वनखात्याच्या माणसांबरोबर ये म्हणावं. पण आवड मारू पण नका. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रविवारी ऊन चढल्यावर, अकराच्या सुमाराला, त्याला विश्वामित्रीवरच्या काळा घोड्याच्या पुलावर घेऊन या, साधी दुर्बीण चालेल. खाली काठावर चिखलात ओंडका दिसेल, तो ओंडका नसतो. सांगा त्याला की ही हलेपर्यंत इथून जायचं नाही आणि काय काय केलं ते वहीत लिहायचं. दोन तासांत बहुतेक एकच ओळ लिहून होईल. सासऱ्यांना पण आणा, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि बाहेर उसळ खायची असेल तर नंतर खा, आधी खाल्लीत तर पोरगं अर्ध्या तासात घरी चला म्हणेल.